स्केल मॉडेलचे बारीकसारीक भाग घरी घडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहून स्केल मॉडेल करणाऱ्याला तयार सुटे भाग हवे असतील तर ते टपालाने मागवावे लागतात. बार्शी लाइट रेल्वे या जुन्या अरुंद रुळांच्या मार्गावरच्या वाघिणीचा (मालडब्याचा) ब्रेकचा दांडा किंवा आपल्याकडच्या बैलगाडीची शिवळ (जुवातली खुंटी) मात्र माझ्या पाहण्यात तरी कोणत्याही यादीत आलेली नाही, त्यामुळे असे भाग हातानेच घडवावे लागतात. हे काम नव्याने हाती घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः रेल्वेची आहेत, कारण माझे काम त्यातले आहे. पण विमान, रणगाडा, ट्रॅक्टर किंवा बैलगाडी करणाऱ्यांनाही पद्धती त्याच लागू पडतात.

संपूर्ण मॉडेल हाताने करावे लागते का?

नाही. तयार संच घेऊन त्यातले फक्त ढोबळ दिसणारे भाग, म्हणजे कठडे, दिवे, कड्या, साखळ्या, पायऱ्या, एवढेच बदलले तरी मॉडेलचा चेहरा पालटतो. माझ्या मते नवख्याने हाच मार्ग धरावा. सांगाडा, चाके आणि मोटर तयार घ्यावी आणि स्वतःचा वेळ डोळा जिथे थांबतो त्या ठिकाणी घालवावा.

बार्शी लाइट रेल्वेसाठी कोणते प्रमाण सोयीचे आहे?

या मार्गाची रुंदी ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट होती. इंग्रज रेल्वे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आखणीप्रमाणे १८९७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. १:८७ या प्रमाणात ७६२ मिमीचे ८.७६ मिमी होतात आणि बाजारात मिळणारा ९ मिमीचा रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो. १:४८ या प्रमाणात १५.९ मिमी होतात, तेथे १६.५ मिमीचा रूळ वापरण्याची पद्धत आहे आणि मुळात पडणारा फरक जेमतेम ३० मिमीचा असतो.

बारीक भाग स्वतः घडवायचे असतील तर मी १:४८ सुचवतो. १:८७ मध्ये बोटाएवढी, मुठीत धरायची सळई केसासारखी होते आणि ती करण्याची हौस लवकरच फिटते. मनमाड, पूर्णा, नांदेड या जुन्या मीटरगेजचे मॉडेल करणाऱ्यांना मात्र १:८७ सोयीचे पडते, कारण १००० मिमीचे तेथे ११.५ मिमी होतात आणि १२ मिमीचा रूळ तयार मिळतो.

मूळ वस्तू आता अस्तित्वात नाही आणि नकाशाही नाही. माप कोठून आणावे?

जुन्या छायाचित्रातून. समोरून काढलेल्या छायाचित्रात दोन रुळांमधले अंतर दिसत असेल, तर एक खात्रीचे माप आपल्या हातात असते. समजा, कागदावर हे अंतर ३८ मिमी भरले आणि ब्रेकचे हातचाक १९ मिमी भरले, तर मूळ चाक रुळांच्या अंतराच्या निम्मे, म्हणजे ३८१ मिमी असणार आणि १:४८ मध्ये ते सुमारे ८ मिमीचे होणार. ही पद्धत एका अटीवरच चालते: मोजायची वस्तू आणि माप घेतलेला भाग कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. हातचाक रुळाच्या मोजलेल्या जागेपेक्षा दोन मीटर पुढे असेल तर ते मोठे दिसते आणि हिशेब चुकतो. अशा वेळी चाकाजवळच उभी असलेली, माप माहीत असलेली दुसरी वस्तू शोधावी.

वाघिणींच्या बाबतीत एक माहिती फार उपयोगी पडते. या रेल्वेच्या गाड्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे, एकसारख्या २५ फूट लांबीचे सांगाडे वापरले गेले. १:४८ मध्ये ही लांबी १५८.७५ मिमी होते. बाजूने काढलेल्या छायाचित्रात संपूर्ण सांगाडा दिसत असेल तर दाराची रुंदी, कड्यांमधले अंतर, पायरीची उंची हे सारे त्यावरून काढता येते.

मापे बरोबर घेतली, तरी भाग बोजड दिसतो. असे का होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: लांबी आणि रुंदी बरोबर असते, जाडी चुकलेली असते. एक मिमी जाडीच्या प्लॅस्टिक शीटची पायरी १:४८ मध्ये लावली, तर मूळ गाडीला ४८ मिमी जाडीचा पत्रा लावल्यासारखे होते. इतका जाड पत्रा देवगिरीच्या दरवाज्यालाही शोभून दिसला असता. मूळ पायरी सहा मिमी पत्र्याची असेल, तर आपल्याला ०.१२५ मिमी जाडी हवी. कोल्ड्रिंकच्या अॅल्युमिनियम कॅनची भिंत साधारण ०.१ मिमी असते, त्यामुळे जाडीच्या दृष्टीने याहून जवळची वस्तू घरात क्वचितच सापडेल.

प्रत्येक भाग इतका पातळ केलाच पाहिजे असे नाही. डोळ्याला फक्त कड दिसते. म्हणून अर्धा मिमीच्या शीटचा भाग कापून त्याची मागची बाजू कडेपाशी कानशीने तिरपी घासली, तर भाग मजबूत राहतो आणि समोरून पत्र्यासारखा पातळ दिसतो. सामान्य दृष्टीच्या माणसाला फूटभर अंतरावरून साधारण ०.०९ मिमीपेक्षा लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. त्याहून बारीक कामाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आणि त्याहून कितीतरी जाड कडा तशाच सोडण्यातही नाही.

तारांचेही असेच आहे. संचातला प्लॅस्टिकचा कठडा ०.८ मिमीचा असेल तर १:४८ मध्ये तो ३८ मिमीचा नळ झाला. मुठीत धरायची सळई साधारण २५ मिमीची धरली, तर आपल्याला ०.५२ मिमी तार लागते. एवढा एक बदल केला तरी पाहणाऱ्याला काय बदलले ते सांगता येत नाही, पण मॉडेल सुधारल्याचे मात्र त्याच्या लगेच लक्षात येते.

साहित्य आमच्या गावात कोठे मिळेल?

छंदाच्या वस्तूंचे दुकान नसले तरी तालुक्याच्या गावात निम्म्याहून जास्त साहित्य मिळते. फक्त दुकानांच्या पाट्या वेगळ्या असतात.

पहिले दुकान मोटर रिवाइंडिंगचे. विहिरी आणि बोअरच्या मोटारी जळतच असल्यामुळे मराठवाड्यात असे दुकान नाही असा बाजार शोधून सापडणार नाही. तेथे इनॅमल चढवलेली तांब्याची तार अनेक जाडींत असते: २५ नंबरची साधारण ०.५१ मिमी, ३० नंबरची ०.३१ मिमी, ३६ नंबरची ०.१९ मिमी, ४० नंबरची ०.१२ मिमी. मोटारीतून काढलेल्या जुन्या तारेचे वितभर तुकडे मागितले तर काका बहुधा पैसे घेत नाहीत, मात्र कशासाठी हवेत ते सविस्तर सांगावे लागते. या तारेवरचे इनॅमल पात्याने खरवडल्याशिवाय तिला डाक (सोल्डर) लागत नाही, हे विसरू नये.

दुसरे दुकान सोनाराचे. त्याच्याकडे जंतर असते, म्हणजे उतरत्या मापाची छिद्रे असलेली पोलादी पट्टी, आणि तीतून ओढून तो हवी तेवढी बारीक तार काढून देऊ शकतो. पितळेची तार तांब्यापेक्षा ताठ असते, म्हणून कठड्यांसाठी ती चांगली. बारीक साखळीसाठी नकली दागिन्यांचे दुकान पाहावे. मात्र बहुतेक साखळ्या आपल्या प्रमाणाला जाड असतात, तेव्हा मोजल्याशिवाय घेऊ नयेत.

औषधाच्या दुकानातल्या इंजेक्शनच्या सुया म्हणजे स्टीलच्या तयार नळ्याच असतात. १८ नंबरची सुई बाहेरून १.२७ मिमी, २२ नंबरची ०.७२ मिमी आणि २६ नंबरची ०.४६ मिमी असते. सुया नव्या, सीलबंदच घ्याव्यात, वापरलेल्या सुईला हातही लावू नये, आणि टोक आधी घासून बोथट करावे. नळी कात्रीने कापली तर चपटी होते. कानशीच्या कडेने सभोवार खाच पाडून ती मोडावी.

छापखान्यातली वापरलेली ऑफसेट प्लेट हा उत्तम अॅल्युमिनियम पत्रा आहे. ०.१५ ते ०.३ मिमी जाडीच्या या प्लेटा भंगारात जातात. प्लॅस्टिकसाठी डब्यांच्या आणि पेल्यांच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहावा: ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन आहे आणि मॉडेलच्या सिमेंटने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) चिकटते, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन आहे आणि त्याला काहीही धड चिकटत नाही. ओळखपत्राच्या आकाराची बाद झालेली कार्डे ०.७६ मिमी जाडीची असतात. ती पीव्हीसीची असल्याने त्यांना सायनोअॅक्रिलेट (फेविक्विकसारखा गोंद) वापरावे.

संपलेल्या बॉलपेनची रिफील कधीही टाकू नये. तिचे पितळी टोक म्हणजे लेथवर उत्कृष्ट घडवलेला सुटा भाग असतो. त्यापासून इंजिनाची शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दिव्याचा बुंधा तिन्ही होतात.

हत्यारे कोणती घ्यावीत?

थोडी आणि चांगली. व्हर्निअर कॅलिपर, घड्याळजीचा बारीक टोकाचा चिमटा, सुई कानशींचा संच, बदलत्या पात्यांची सुरी, हाताने फिरवायचा पिन व्हाइस आणि ०.३ ते १ मिमीची ड्रिले एवढ्यावर वर्षभर काम चालते. सर्किट बोर्डाची कार्बाइड ड्रिले स्वस्त मिळतात, पण ती हातात जरा तिरकी झाली की तुटतात. हाताच्या कामाला हायस्पीड स्टीलचीच बरी. भिंग कपाळावर बांधायचे आणि दोन-अडीच पटीचे पुरेसे आहे. त्याहून मोठे भिंग घेतले की हत्यार भिंगावर आदळू लागते.

रिव्हेट एकसारखे कसे काढावेत?

जुन्या पोलादी टाक्यांवर रिव्हेटच्या ओळीच ओळी असतात, आणि त्या वाकड्या गेल्या की बाकी सारे काम वाया जाते. मूळ रिव्हेटचे डोके २४ मिमीचे धरले तर आपल्याला ०.५ मिमीचा टिंब हवा. दोन रिव्हेटांमधले अंतर ७२ मिमी असेल तर दीड मिमी.

माझी पद्धत अशी आहे. कॅनचा पत्रा कापून त्याच्या मागच्या बाजूला आलेखाचा कागद चिकटवावा. पत्रा कडक असतो, म्हणून कागद लावण्यापूर्वी तो मऊ करून घ्यावा: कपड्याचा साबण चोळून मेणबत्तीवर हळूहळू तापवावा आणि साबण काळा पडताच थांबावे, कारण त्यापुढे थोड्याच वेळात अॅल्युमिनियम वितळते. मग पत्रा जाड पुठ्ठ्यावर पालथा ठेवून बोथट केलेल्या सुईने कागदावरच्या खुणेवर दाबावे. हाताचा दाब दर वेळी सारखा पडत नाही, आणि सगळी गोम तेथेच आहे. त्यासाठी सुई एका उभ्या नळीत बसवावी आणि तिच्यावर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन सोडावे. मी शिलाई मशिनची जाड सुई, पेनची नळी आणि एक मोठा नट वापरतो. नट दर वेळी तेवढ्याच उंचीवरून पडतो, त्यामुळे शंभरावा रिव्हेट पहिल्यासारखाच उठतो.

माझ्या पहिल्या पाण्याच्या टाकीवर मी दोन चुका केल्या होत्या. पत्रा आधी चिकटवला आणि मग ठोकला, त्यामुळे टिंब उठण्याऐवजी पत्राच चेपला. शिवाय एका टोकापासून मोजत गेल्यामुळे प्रत्येक ठिकाणची केसाएवढी चूक साचत गेली आणि शेवटच्या कोपऱ्यात अर्धाच रिव्हेट बसण्याची वेळ आली. तेव्हापासून मी ठोकणे, वाकवणे आणि चिकटवणे याच क्रमाने काम करतो आणि खुणा दोन्ही कोपऱ्यांकडून मधोमध आणतो.

वळणावर, जेथे पत्रा ठोकता येत नाही, तेथे पांढऱ्या गोंदाचे थेंब सुईच्या टोकाने ठेवता येतात. ते सुकल्यावर बसतात, म्हणून थोडे मोठे ठेवावेत. चार-पाच रिव्हेटांसाठी ही युक्ती ठीक आहे. दोनशे रिव्हेट असे करणाऱ्याच्या चिकाटीला नमस्कार, पण त्याची ओळ मी अजून सरळ पाहिलेली नाही.

तारेचा कठडा सरळ का राहत नाही?

गुंडाळीतून काढलेली तार बोटांनी सरळ करण्याचा प्रयत्न केला की तिला बारीक बारीक बाक पडतात, आणि रंग दिल्यावर ते जास्तच दिसतात. तारेचे एक टोक शिकंज्यात आणि दुसरे पक्कडीत धरून ती किंचित लांबल्याची जाणीव होईपर्यंत ओढावी. ती सरळही होते आणि ताठही होते.

कठड्याचे आधार म्हणून त्याच तारेपेक्षा एक नंबर बारीक तार अर्धा मिमीच्या ड्रिलभोवती वळवून, दोन्ही टोके पिळून नेढे करावे आणि ते छिद्रात बसवावे. नेढ्यांतून कठडा ओवून झाल्यावर मगच डाक द्यावा. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, राळेचा फ्लक्स आणि ६०/४० चा डाक पुरेसा होतो. जवळजवळ दोन सांधे असतील तर आधीच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवावा, म्हणजे तो सुटत नाही. या डाकात शिसे असते, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

बैलगाडीसाठी खरे लाकूड वापरावे का?

लाकडाची वस्तू लहान होते, पण त्याचे रेषे लहान होत नाहीत. सागाच्या तुकड्याची १:३५ मधली साटी (गाडीचा माल ठेवायचा भाग) केली तर तिच्यावर दोरखंडासारखे रेषे दिसतात. बांबूची कामटी हा त्यातल्या त्यात चांगला पर्याय आहे, कारण तिचे तंतू बारीक आणि सरळ असतात. जू, आरे आणि शिवळा तिच्यापासून सुबक होतात. तुंबा (चाकाचा मधला गोळा) मात्र बांबूत साधत नाही. त्यासाठी प्लॅस्टिकची गोल सळई ड्रिलच्या चकमध्ये धरून फिरवावी आणि कानशीने आकार द्यावा. धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) ऑफसेट प्लेटच्या पट्टीची करावी आणि तिचा सांधा जमिनीकडे ठेवावा. दोरासाठी शिवणाचा दोरा मेणातून ओढून घ्यावा, नाहीतर त्याचे केस उभे राहतात आणि गाडीला अंबाडीच्या दोराऐवजी लोकर बांधल्यासारखी दिसते.

या कामात एक मोठी सोय आहे. मूळ गाडी अजून वस्तीवर किंवा एखाद्या गोठ्यामागे उभी असते, तेव्हा छायाचित्रांवर विसंबू नये. टेप घेऊन जावे आणि मालकाला विचारून प्रत्येक भाग मोजावा. भागांची नावेही तेथेच कळतात, आणि ती दर पंचवीस कोसांवर थोडी बदलतात.

उन्हाळ्यात फेविक्विक लवकर का धरत नाही?

फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या दमटपणामुळे घट्ट होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की गोंद नुसताच ओला राहतो. मग माणूस आणखी एक थेंब टाकतो आणि तो नेमका जेथे नको तेथे पसरतो. चिकटवण्यापूर्वी भागावर तोंडाची वाफ सोडावी किंवा शेजारी ओले फडके ठेवावे. सांध्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर गोंद क्षणात दगडासारखा होतो. हे भरावासाठी उत्तम, पण नंतर बाजूचे प्लॅस्टिक आधी घासले जाते आणि हा गड्डा तसाच राहतो. पावसाळ्यात उलट तक्रार येते: सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी छटा धरते. तेव्हा गोंद कमी वापरावा आणि वारा खेळता ठेवावा.

प्लॅस्टिकचे पातळ सिमेंट आणि अॅक्रिलिकच्या पाट्या करणारे वापरतात ते द्रावण हे दोन्ही खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावेत. त्या द्रावणात बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन असते आणि त्याची वाफ खरोखर घातक असते.

एकसारखे चाळीस भाग करायचे असतील तर?

दहापर्यंत असतील तर साचा न करता जिग करावा, म्हणजे प्रत्येक तुकडा त्याच लांबीचा कापला जाईल आणि त्याच जागी वाकेल असा ठोकळा. एका लाकडी तुकड्यात दोन खिळे ठोकले तरी कड्या वाकवण्याचा जिग होतो. गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) करायचे असतील तर पाव मिमीच्या पट्ट्या उतरत्या लांबीच्या कापून एकावर एक चिकटवाव्यात आणि सिमेंट ओले असतानाच बाटलीवर बांधून ठेवाव्यात.

त्याहून जास्त भाग असतील तर एक नमुना जीव ओतून घडवावा, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा करावा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतावे. साच्याच्या पृष्ठभागावर आधी टाल्कम पावडर भुरभुरून झटकली तर रेझिन कोपऱ्यात शिरते आणि बुडबुडे कमी राहतात. नमुन्यात राहिलेला एक ओरखडा चाळीस वेळा उमटतो, तेव्हा नमुन्यावर रंगाचा हात देऊन तपासल्याशिवाय साचा करू नये.

थ्रीडी प्रिंटर असताना हे सगळे कशाला?

प्रिंटर असेल तर जरूर वापरावा. आसाचे डबे, स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार, झाकणे असे भरीव आकार रेझिनच्या प्रिंटरवर सुरेख निघतात. सळई, कठडा आणि पत्र्याची कड यांत मात्र तो कमी पडतो: पातळ छापावे तर हात लागताच मोडते आणि मजबूत छापावे तर पुन्हा तोच बोजडपणा येतो. मी स्वतः दोन्हींची सरमिसळ करतो, डबा छापील आणि त्यावरची कडी तारेची. छापलेला भाग घासताना पाणकागद ओला ठेवावा आणि मास्क लावावा.

भाग उडून हरवतात. उपाय आहे का?

पंखा बंद करावा. मे महिन्यात हे सांगणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. म्हणूनच माझे सर्वांत बारीक काम वीज गेलेल्या वेळात खिडकीपाशी बसून झालेले आहे. शिवाय जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा एका बाजूने टेबलाच्या कडेला पिनांनी लावून दुसरी बाजू कमरेला खोचली, तर चिमट्यातून उडालेला भाग मांडीवरच सापडतो.

धातूच्या भागांवर रंग का टिकत नाही?

बोटांचे तेल आणि फ्लक्स यांमुळे. पितळ आणि तांब्याचे भाग घरातली भांडी घासतो तसे चिंचेच्या कोळाने आणि मऊ ब्रशने घासावेत, लगेच सोड्याच्या पाण्यात बुडवून मग साध्या पाण्याने धुवावेत आणि पूर्ण सुकू द्यावेत. त्यानंतर त्यांना बोट लावू नये. आधी धातूचा प्रायमर आणि मग पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत; जाड रंगाचा एकच हात दिला तर कष्टाने काढलेले रिव्हेट बुजतात. धूळ दाखवण्यासाठी काळी माती वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशने लावली तर दुकानातल्या पावडरीची गरज पडत नाही.

मॉडेल एसटीने न्यायचे आहे. बारीक भाग कसे वाचवावेत?

मॉडेलला वरून कशाचाही स्पर्श होता कामा नये. तळाला दोन स्क्रूची सोय आधीच करून ठेवावी आणि मॉडेल खोक्याच्या तळफळीला त्यांनी घट्ट बसवावे. कापूस किंवा फोम भोवती भरला तर कठड्यात अडकून तोच कठडा उपटतो. खोके मांडीवर घ्यावे, वरच्या कप्प्यात ठेवू नये, आणि शक्यतो मागच्या चाकावरची जागा टाळावी. सोबत एका काडेपेटीत कापलेली तार, दोन-तीन तयार नेढी आणि गोंदाची नवी नळी ठेवावी. लातूर ते नांदेड प्रवासात माझा एक तरी कठडा आजवर तुटला नाही असे झालेले नाही.